चुकीचा पत्ता टाकला की जाहिरात: या इंटरनेट कनेक्शनचे आठ महिने

वेगाबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते. सांगितलाय तेवढा स्पीड मिळतो, रात्रीही फारसा मंदावत नाही, आणि आठ महिन्यांत लाइन बंद पडली ती दोनदा, तीही तासाभरापुरती. ज्यांना एवढंच हवंय त्यांनी इथून पुढे वाचलं नाही तरी चालेल. माझं भांडण वेगळं आहे. अस्तित्वातच नसलेल्या साइटचा पत्ता टाकला की ही कंपनी ‘असा पत्ता नाही’ असं सांगत नाही, स्वतःच्या जाहिरातींच्या पानावर नेऊन सोडते.

पहिल्याच आठवड्यात एका साइटचं नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं. ब्राउझरचं नेहमीचं कोरं एरर-पान यायला हवं होतं. आलं ते भलतंच: वर शोधायची चौकट, खाली माझ्या चुकीच्या शब्दाशी कसाबसा जुळणाऱ्या जाहिराती, आणि तळाला बारीक अक्षरांत कंपनीचं नाव. मला वाटलं लॅपटॉपमध्ये काहीतरी शिरलं. अख्खी संध्याकाळ व्हायरस स्कॅन करण्यात घालवली. मग फोनवरही तेच पान उगवलं तेव्हा कळलं की दुखणं लॅपटॉपचं नाही, लाइनीचं आहे.

खात्री करायला एनएसलूकअप उघडलं. साइटच्या नावावरून तिचा आयपी, म्हणजे आकडी पत्ता, सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस, आणि तिला थेट प्रश्न विचारायची ही आज्ञा. तिच्यात ‘डॉट इनव्हॅलिड’ने संपणारं एक निरर्थक नाव विचारलं. हा शेवट १९९९ पासून मुद्दाम राखून ठेवलेला आहे, त्याखाली कोणाचीही साइट कधी निघत नाही. म्हणजे खरं उत्तर एकच: एनएक्सडोमेन, डीएनएसच्या हिशेबात कोड ३, ‘हे नाव नाही’. प्रोव्हायडरच्या सर्व्हरने मात्र कसलाही संकोच न करता एक आयपी पत्ता हातात ठेवला. मी दुसरं नाव विचारलं, तिसरं विचारलं, दरवेळी तोच आयपी. ब्राउझरमधून टाकला तर तेच जाहिरातींचं पान.

आता कोणी म्हणेल, त्यात काय, एक जाहिरात दिसली तर दिसली, खिडकी बंद करा. माणसाने पाहिलं तर ठीक आहे हो. पण डीएनएसला प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा माणसं नसतात, प्रोग्राम असतात, आणि त्यांना ‘नाही’ या उत्तराची गरज असते.

माझ्याकडे संदर्भांसाठी जमवलेली हजारभर जुन्या लिंकांची यादी आहे. दर रविवारी एक छोटी स्क्रिप्ट ती तपासते: नाव सापडलं का, पान उघडलं का. दरवेळी तीन-चार साइट कायमच्या गेलेल्या निघतात, मी त्या काढून टाकते किंवा जुनी प्रत शोधते. हे कनेक्शन आल्यापासून सलग सहा रविवार अहवालात मेलेल्या लिंका शून्य. आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सातव्या रविवारी एक लिंक हाताने उघडली, तर समोर तेच पान. ज्या साइटचं डोमेनच संपलं होतं तिच्या जागी कंपनीचा जाहिरात-सर्व्हर ‘२००, सगळं ठीक’ असं सांगत होता आणि माझी बिचारी स्क्रिप्ट खूण करून पुढे जात होती. सहा आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

ऑफिसच्या व्हीपीएनचंही (घरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट) तेच. आमच्याकडे आतल्या सर्व्हरची नावं आधी बाहेरच्या डीएनएसला विचारली जातात. तिथून ‘नाही’ आलं की मगच ऑफिसच्या डीएनएसला. इथे ‘नाही’ येतच नव्हतं, त्यामुळे फाइल-सर्व्हरऐवजी लॅपटॉप जाहिरात-सर्व्हरचं दार वाजवत बसायचा. आमचा आयटीवाला दोन दिवस माझ्या सेटिंग्ज तपासत होता.

बाबांच्या बाबतीत आणखी गंमत. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल तर ब्राउझर साइटच्या खरेपणाचा दाखला, म्हणजे सर्टिफिकेट, मागतो, आणि न नोंदलेल्या नावाचं सर्टिफिकेट कंपनीकडे असणार कुठून! त्यामुळे तेव्हा त्यांना जाहिरात नाही, थेट ‘तुमची माहिती चोरली जाऊ शकते’ छापाचा लाल इशारा दिसायचा. एक अक्षर चुकलं की मला फोन: “अगं, माझं बँकेचं हॅक झालं का?”

हा उद्योग नवा नाही. १५ सप्टेंबर २००३ ला डॉट कॉम-डॉट नेटची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरीसाइन कंपनीने साइट फाइंडर नावाने हेच थेट डॉट कॉम आणि डॉट नेटच्या मुळाशी करून पाहिलं होतं. न नोंदलेलं कुठलंही नाव विचारा, उत्तर त्यांच्याच सर्व्हरचं. पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का हे बघून स्पॅम अडवणाऱ्या मेल-सर्व्हरांची त्यात पंचाईत झाली, इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेने हात पिरगळला आणि ४ ऑक्टोबरला ते बंद पडलं. मग हीच कल्पना इंटरनेट कंपन्यांनी आपापल्या डीएनएस सर्व्हरवर उचलली. २००८ मध्ये सुरक्षा-संशोधक डॅन कॅमिन्स्की यांनी त्यातला खरा धोका दाखवला. खऱ्या साइटच्या नसलेल्या उपनावालाही (मूळ नावाआधी आणखी काही जोडलेल्या पत्त्याला) जाहिरात-सर्व्हर उत्तर देत असेल, तर त्या सर्व्हरच्या सुरक्षेतलं भोक त्या खऱ्या साइटचं भोक होतं. तुमची साइट कितीही नीट बांधलेली असो.

आता ‘बंद करा’ची कथा. जाहिरात-पानाच्या तळाशी तशी लिंक आहे. दाबली, “तुमची पसंती नोंदवली” असं आलं. पसंती नोंदवली होती ब्राउझरच्या कुकीत. म्हणजे दुसऱ्या ब्राउझरला ती माहीत नाही, फोनला नाही, माझ्या स्क्रिप्टला तर नाहीच. आणि जिथे कुकी होती तिथेही डीएनएसचं उत्तर तेच खोटं, फक्त त्या आयपीवर जाहिरातींऐवजी ब्राउझरच्या एरर-पानाची नक्कल दिसायला लागली. नक्कल बरी होती, एवढं श्रेय देते. कस्टमर केअरला तीन वेळा फोन केला. दोघांनी राउटर बंद-चालू करायला लावला. तिसरी मुलगी शांतपणे म्हणाली, “मॅडम, ही सुविधा आहे, बिघाड नाही.” तिने निदान खरं सांगितलं.

मग राउटरवर डीएनएस बदलून गुगलचं ८.८.८.८ टाकलं. २००९ मध्ये सुरू झाल्यापासून ते एनएक्सडोमेन जसंच्या तसं परत देतं. (पर्यायी म्हटलं म्हणजे सोवळं असं समजू नका, ओपनडीएनएस स्वतःच २०१४ पर्यंत जाहिरात-पान दाखवत होतं.) तीन महिने सुखात गेले. चौथ्या महिन्यात जाहिरात पुन्हा हजर. राउटरमध्ये ८.८.८.८ जागच्या जागी होतं. डीएनएसचे साधे प्रश्न पोर्ट ५३ (त्यांच्यासाठी ठरलेलं दार) वरून उघडे, वाटेत कोणालाही वाचता येतील असे जातात, आणि कंपनी ते वाटेतच धरून गुगलच्या नावाने स्वतः उत्तर देत होती. इथे मात्र माझं डोकं फिरलं. स्वतःच्या सर्व्हरवर काय करायचं ते करा, मी दुसऱ्याला पाठवलेली चिठ्ठी फोडून उत्तर लिहायचा हक्क कोणी दिला?

उपाय निघाला तो कूटबद्ध डीएनएसचा, म्हणजे प्रश्न बंद पाकिटात पाठवायचा. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं, ते दोन मिनिटांत झालं. ब्राउझरमध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ चालू केलं. उरलेल्या यंत्रांसाठी राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदलून सगळे प्रश्न कूटबद्ध डीएनएसच्या पोर्ट ८५३ वरून क्लाउडफ्लेअर या दुसऱ्या कंपनीच्या डीएनएसला पाठवले. यात एक रविवार गेला. शेवटी ‘डॉट इनव्हॅलिड’चं तेच नाव पुन्हा विचारलं आणि पडद्यावर ‘एनएक्सडोमेन’ उमटलं. एरर बघून इतका आनंद पहिल्यांदाच झाला असेल.

याचे त्रासही आहेत. ब्राउझर आता ऑफिसच्या आतली नावं विचारायलाही परस्पर बाहेर जातो, म्हणून कामाच्या प्रोफाइलमध्ये ती सेटिंग बंद ठेवावी लागते. बाहेरच्या गेस्ट वायफायचं लॉगिन-पान फोनवर कधीकधी अडकतं, तेवढ्यापुरतं प्रायव्हेट डीएनएस काढावं लागतं. कंपनीचं बिल बघायचं पान त्यांच्याच डीएनएसवर सापडतं, त्यामुळे बिल भरायला राउटरची सेटिंग उलटी फिरवायची. शिवाय मी कुठली नावं विचारते ते आता एक कंपनी न बघता दुसरी बघते. फरक एवढाच की दुसरी मला खोटं उत्तर देत नाही.

पाचपैकी गुण: लाइनीला चार, डीएनएसला शून्य. कनेक्शन घेणार असाल तर पहिल्याच दिवशी एक निरर्थक नाव एनएसलूकअपमध्ये टाकून पाहा. आधी तसंच, मग नावाच्या आधी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावून, कारण काही कंपन्या फक्त तेवढीच नावं वळवतात. आयपी आला तर राउटरच्या सेटिंग्ज कंपनीने कुलूपबंद केलेल्या नाहीत ना, ते बसवायला आलेल्या माणसाला तो दारातून बाहेर पडायच्या आत विचारा.