केनियातलं ‘ग्लोबल हेल्थ ट्रेनिंग’: पैसे भरण्याआधी हे वाचा

एमबीबीएसची शेवटची परीक्षा देऊन इंटर्नशिपची वाट बघणाऱ्यांनी हे वाचावं, आणि त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं, कारण पैसे बहुतेक वेळा त्यांच्याच खिशातून जातात. ‘आफ्रिकेत ग्लोबल हेल्थ फील्ड ट्रेनिंग, हँड्स-ऑन अनुभव, आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट’ अशा जाहिराती मेडिकलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतात. 2024 च्या एप्रिलमध्ये मी अशाच एका कार्यक्रमातून केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू शहरात गेले होते. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे. शिवाय नाव कळून फारसं काही साधत नाही, नाव बदलायला त्यांना वेळ लागत नाही. त्यांची पद्धत ओळखता आली पाहिजे.

सुरुवात एका मोफत वेबिनारने झाली. त्यात एक रुबाबदार गृहस्थ मलेरिया, एचआयव्ही, मातामृत्यू यांवर खरोखर चांगलं बोलले. मग अर्ज मागवले, मुलाखत घेतली, आणि दोन दिवसांनी ‘तुमची निवड झाली आहे’ असं पत्र आलं. आता कळतं की मुलाखत दिलेला एकही जण नापास झाला नव्हता. निवड झाली म्हटलं की माणूस किंमत विचारायचं सोडून जागा हातची जाईल म्हणून घाबरतो, आणि मुलाखतीचं काम तेवढंच असतं. आमच्याच कॉलेजचा एक सिनिअर त्यांचा ‘कॅम्पस ॲम्बेसेडर’ होता. त्याला डोक्यामागे कमिशन मिळत होतं, हे आम्हाला परत आल्यावर समजलं.

फी 2,60,000 रुपये, विमानभाडं वेगळं. बाबांनी एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज काढून ती भरली. पैसे तीन हप्त्यांत, तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या खात्यांवर यूपीआयने मागितले गेले. जीएसटीचं बिल मागितलं तर ‘शैक्षणिक उपक्रमाला जीएसटी नसतो’ असं उत्तर आलं. पावती म्हणून लोगो असलेली एक पीडीएफ मिळाली. माहितीपत्रकात किसुमूच्या मोठ्या सरकारी रेफरल रुग्णालयाचा फोटो होता, तिथल्या लेटरहेडवरचं एक पत्र होतं, आणि खाली निळ्या गोलातलं, डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) आठवण करून देणारं चिन्ह होतं. डब्ल्यूएचओ कुठल्याही मेडिकल कॉलेजला किंवा कोर्सला मान्यता देत नाही, आणि स्वतःच्या इंटर्नशिपसाठी कुणाकडून एक पैसाही घेत नाही. हे एवढं एक वाक्य माहीत असलं तरी अशी अर्धी माहितीपत्रकं टाकून देता येतात.

ईटीएचा, म्हणजे केनियात जाण्याच्या परवान्याचा फॉर्म कंपनीने भरला. जानेवारी 2024 पासून केनियाने परदेशी पाहुण्यांसाठी व्हिसा काढून टाकला आणि हा ऑनलाइन परवाना आणला. आमच्या फॉर्मवर येण्याचं कारण ‘पर्यटन’ असं होतं. विचारलं तर ‘सगळे असंच करतात, विमानतळावर सफारीला आलोय म्हणून सांगा’ हे उत्तर. ट्रेनिंगच्या नावाखाली पैसे घेणारा माणूस इमिग्रेशनसमोर तुम्हाला खोटं बोलायला लावत असेल, तर तिथेच थांबायचं. यलो फीव्हरच्या लसीबद्दल तर त्यांनी ‘केनियाला लागत नाही’ असं सांगून हात झटकले. भारतात परत येताना केनियाहून आलेल्याकडे या लसीचं कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात, आणि लस निदान दहा दिवस आधी शासनमान्य केंद्रातच घ्यावी लागते. हे मला आमच्या पीएसएमच्या (सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकवणाऱ्या) मॅडमनी सांगितलं म्हणून मी निभावले.

किसुमूत पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं की सरकारी रुग्णालयातले डॉक्टर संपावर आहेत. संप 14 मार्चलाच सुरू झाला होता. सरकारने डॉक्टरांच्या संघटनेशी केलेल्या 2017 च्या कराराची अंमलबजावणी आणि इंटर्न डॉक्टरांच्या नेमणुका व पगार हे त्यातले मुख्य मुद्दे. तो 56 दिवस चालला आणि 8 मेला मिटला. म्हणजे आम्ही मुंबईहून निघालो तेव्हा कंपनीला सगळं ठाऊक होतं. आमच्याच वयाची केनियन मुलं इंटर्नशिपची हक्काची जागा आणि पगार मिळावा म्हणून रस्त्यावर उतरली होती, आणि त्याच वेळी लाखो रुपये भरून आलेल्या आम्हा परक्यांना कोणीतरी त्यांच्या देशातले रुग्ण विकत होतं. पैसे बुडाल्याचं दुःख हळूहळू ओसरलं. हे मात्र अजून सलतं.

मी आणि एक मैत्रीण स्वतःहून त्या रेफरल रुग्णालयाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी आमचं पत्र शांतपणे वाचलं आणि सांगितलं की हे लेटरहेड जुनं आहे, सही करणारी व्यक्ती इथे नाही, आणि आमच्या नावांची नोंद कुठेच नाही. मग त्यांनी खरी रीत समजावून सांगितली. विद्यार्थ्याच्या कॉलेजने पत्र पाठवायचं, रुग्णालयाने लेखी होकार द्यायचा, फी थेट रुग्णालयाच्या खात्यात भरून सरकारी पावती घ्यायची, आणि केनिया मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट्स कौन्सिलच्या परवानगीशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. त्यांच्या बोलण्यात आमच्याबद्दल राग नव्हता. असे विद्यार्थी त्यांनी आधीही पाहिले असावेत.

कंपनीच्या स्थानिक ‘कोऑर्डिनेटर’ने आम्हाला शहराबाहेरच्या एका छोट्या खासगी क्लिनिकमध्ये नेलं. दोन खोल्या, एक प्रसूतीचं टेबल, एक नर्स आणि एक क्लिनिकल ऑफिसर. क्लिनिकल ऑफिसर हे केनियातलं मान्यताप्राप्त पद आहे, डिप्लोमा करून रुग्ण तपासणारी ही माणसं तिथल्या आरोग्यव्यवस्थेचा कणा आहेत. हा माणूसही भला होता, पण एकटा होता आणि संपामुळे त्याच्याकडे रांग लागली होती. कोऑर्डिनेटरने दारावर कागद लावला: ‘मदाक्तारी कुतोका इंडिया’, म्हणजे भारतातून आलेले डॉक्टर.

त्या कागदाचं वजन समजून घ्या. केनियातले पुष्कळ लोक मोठ्या आजारांच्या उपचारासाठी भारतात येतात. ज्यांना परवडत नाही त्यांनीही भारतातल्या हॉस्पिटलांची नावं ऐकलेली असतात. सरकारी दवाखाना बंद आणि गावात भारतातले डॉक्टर आले म्हटल्यावर बायका तापाने फणफणलेली पोरं पाठीला बांधून पायी आल्या. आमच्यापैकी एकाचंही रजिस्ट्रेशन झालेलं नव्हतं, अगदी आपल्या महाराष्ट्रातही. कंपनीने आम्हाला स्वाहिलीचे पाच धडे दिले होते, आणि आलेल्या म्हाताऱ्या बायका धोलुओ ही तिथली स्थानिक भाषा बोलत होत्या. एका बाईला तिच्या बाळाला नेमकं काय होतंय ते सांगायचं होतं, ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि नर्स दुसऱ्या खोलीत अडकलेली. माझ्या हातात पॅरासिटामॉलचं सिरप आणि मलेरियाची रॅपिड टेस्ट. टेस्ट निगेटिव्ह आली. पुढे काय, हे ठरवायला माझ्या पाठीशी कुणी सिनिअर नव्हता. मी नर्स येईपर्यंत त्या बाईला थांबवून ठेवलं आणि त्यानंतर एकही रुग्ण एकटीने बघितला नाही.

कोऑर्डिनेटरला ते पटलं नाही. ‘तुम्ही हँड्स-ऑनचे पैसे भरलेत, टाके घाला, डिलिव्हरी करा, फोटो काढा’ असा त्याचा धोशा होता. ग्रुपमधल्या दोघांनी टाके घातलेही. त्यातल्या एका मुलीच्या बोटाला सुई टोचली. किसुमू आणि आसपासच्या भागात एचआयव्हीचं प्रमाण केनियाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे. अशा वेळी पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीच्या गोळ्या होईल तितक्या लवकर आणि 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. क्लिनिकमध्ये त्या नव्हत्या. कोऑर्डिनेटरचा फोन बंद. शेवटी त्या क्लिनिकल ऑफिसरनेच स्वतःच्या ओळखीने तिला एका एचआयव्ही केंद्रात नेलं आणि गोळ्या मिळवून दिल्या, त्याही फुकट. विमा म्हणून जी पॉलिसी आम्हाला दिली होती ती साधी ट्रॅव्हल पॉलिसी होती, आणि रुग्णांवर काम करताना झालेली इजा त्यात स्पष्टपणे वगळलेली होती. त्या मुलीच्या नंतरच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. पण ते महिने तिने कसे काढले ते मी जवळून पाहिलं आहे.

प्रामाणिक कार्यक्रम असतात, आणि त्यांची ठेवण वेगळी असते. केनियातल्याच एल्डोरेट शहरातलं मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ यांची भागीदारी 1989 पासून चालू आहे, आणि तिथून केनियन विद्यार्थीही शिकायला अमेरिकेला जातात. आयएफएमएसए ही मेडिकल विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 1951 पासून आहे, तिच्या भारतीय शाखेमार्फत एक्स्चेंजला जाता येतं. 2010 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीनमध्ये अशा प्रशिक्षणाची नीतितत्त्वं छापून आली. विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाच्या पातळीपलीकडचं काम करू नये आणि यजमान संस्थेवर भार टाकू नये, हा त्यांचा गाभा आहे. तेव्हा ‘मला तिथे काय काय करायला मिळेल?’ असं सरळ विचारा. जो एजंट ‘सगळं’ म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका. रुग्णालयाला तुम्ही स्वतः ईमेल करा, पत्ता रुग्णालयाच्या किंवा विद्यापीठाच्या अधिकृत साइटवरून घ्या, एजंटने दिलेला वापरू नका. देखरेख करणाऱ्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा.

‘एनएमसीला (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला) चालेल’ असं एजंट सांगतील. एमबीबीएसमधलं इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीचा विषय निवडून घ्यायचं प्रशिक्षण, कॉलेजच्या व्यवस्थेतून होतं, म्हणून डीन ऑफिसचा लेखी होकार नसेल तर चालत नाही असंच धरून चाला. जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्समध्ये शिकणाऱ्यांना तर यात मोठाच धोका आहे. एनएमसीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे शिक्षणाचा आणि तिथल्या इंटर्नशिपचा कुठलाही भाग ज्या देशात पदवी घेता त्याच्याबाहेर करता येत नाही.

आणि मनापासून एक सांगते. माझं आजोळ बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात आहे, जामखेड शेजारचाच तालुका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला सुरू केलेलं गावपातळीवरच्या आरोग्याचं काम, प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याआधीच डब्ल्यूएचओच्या नजरेत आलं होतं, आणि आजही परदेशातून विद्यार्थी सार्वजनिक आरोग्य शिकायला तिथे येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवून बालमृत्यू कमी करून दाखवले, तो अभ्यास 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ग्लोबल हेल्थ शिकायची ओढ असेल तर पहिलं पत्र तिकडे लिहा. तिथे भाषा आपली आहे, बाळाची आई काय सांगतेय ते आपल्याला कळतं.

ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांच्यासाठी. यूपीआयचे स्क्रीनशॉट, बँक स्टेटमेंट, व्हॉट्सॲप चॅट, वेबिनारची लिंक, काहीच डिलीट करू नका. पैसे नुकतेच गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही, मुदत दोन वर्षांची. करारात ‘रक्कम परत मिळणार नाही’ असं छापलेलं असलं तरी तक्रार करा. आमच्यापैकी चौघांनी मिळून केली आहे. पहिली नोटीस ‘पत्त्यावर कोणी नाही’ म्हणून परत आली, आता खातेदारांच्या नावाने पुन्हा काढली आहे.

त्याच लोकांनी नव्या नावाने टांझानियाच्या बॅचची जाहिरात सुरू केली आहे. तिच्यावरचे फोटो किसुमूच्या त्या क्लिनिकमधले आहेत. एकात आमच्या ग्रुपची दोन मुलं आहेत आणि पाठीला बाळ बांधलेली एक आई, चेहरा स्पष्ट दिसतो. तिला कुणीही विचारलेलं नाही. तो फोटो जाहिरातीतून हटवायला लावण्यासाठी आम्ही वेगळा अर्ज दिला आहे. तुमच्या ग्रुपवर ती जाहिरात आली तर पुढे पाठवू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तुमच्या कॉलेजच्या डीनना दाखवा.