बजीच्या जोडीत मारामारी: एकच मोठा पिंजरा की दोन वेगळे?

नाशिकच्या फ्लॅटमध्ये बाल्कनी बेताचीच, म्हणून बजी, म्हणजे ते छोटे रंगीत पोपट, भांडू लागले तरी पहिला विचार येतो तो एकाच पिंजऱ्यात भागवण्याचा. भांडण चोच उगारणं, दांडीवरून हुसकावणं इतपतच असेल तर तेवढ्यावर भागतंही. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा घ्या. बजी आडवे उडतात. राळ्याच्या वाट्या दोन, त्याही दोन टोकांना, कारण बरीचशी भांडणं वाटीपाशीच पेटतात. आणि अंडी घालण्यासाठी आत टांगलेलं मडकं काढून टाका. मादीचा चोचीवरचा नाकपुड्यांचा भाग गडद तपकिरी, खरखरीत झाला की ती विणीला आलेली असते आणि मडक्यासाठी नरालाही सोडत नाही. दुकानदार पिंजऱ्यासोबत मडकं हौसेनं गळ्यात मारतात, ते वेगळंच.

रक्त दिसलं, किंवा एक पक्षी तळाशी फुगून बसू लागला, तर मात्र दोन पिंजरे, त्याच दिवशी. बजीऐवजी लव्हबर्ड असतील तर मी एवढीही वाट बघणार नाही. त्यांची चोच पायाचं बोट तोडू शकते. पिंजरे एकमेकांना दिसतील असे ठेवा, पण मध्ये वीतभर अंतर सोडा, जाळीतूनही चावे बसतात. साफसफाई दुप्पट होते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात दोन्हींना सावली शोधावी लागते.

काही आठवड्यांनी पुन्हा एकत्र आणायचे असतील तर आधी बंद खोलीत, पंखा बंद करून, दोघांना मोकळं सोडा. मार खाल्लेल्याला दांडगटाच्या पिंजऱ्यात ढकलू नका. दांड्यांच्या जागा बदलून दोघांना एकदमच आत सोडा.