डॉक्टर मॅडमची गाडी

सात महिने मी असं धरून चालले होते की मला गाडी चालवता येत नाही.

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की गाडी थरथरायची. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही, आणि वळणावर काहीतरी करपल्याचा वास यायचा. मागचा टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढायचा नाही. शेजारून हे म्हणायचे, "अगं, क्लच नीट सोड." मी नीटच सोडत होते. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलेल्या बाईला दुसरं काय वाटणार? चूक आपलीच. नवशिक्याला जुनी गाडी विकणाऱ्याचं खरं भांडवल हेच असतं. गाडीतला दोष आपण स्वतःच्या पायात शोधत बसतो.

लायसन्स हातात आलं २०२४च्या दिवाळीआधी. ड्रायव्हिंग स्कूलचे सर म्हणाले होते, "मॅडम, पहिली गाडी लहान घ्या आणि जुनी घ्या. पहिलं वर्ष ओरखड्यांचं असतं." सल्ला अगदी बरोबर होता, त्यात आजही काही खोट नाही. भिशीचे आणि मोडलेल्या आरडीचे मिळून सव्वाचार लाख होते. अल्टो की वॅगनआर यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. शिकले होते मी अल्टोवर, बोनेट कुठे संपतं ते अंगवळणी पडलं होतं. पण सासूबाईंचे गुडघे. अल्टोत त्यांना आधी खाली बसावं लागतं आणि मग उठवावं लागतं. वॅगनआरमध्ये खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं, काच मोठी, पुढचं लांबवर दिसतं. मग सीएनजी वॅगनआरच हवी असं ठरलं.

इथपर्यंत आमचं काही चुकलं नव्हतं.

पिंपरी-चिंचवडकडे जुन्या गाड्यांचे बाजार रांगेने आहेत. ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. ओळख म्हणजे काय, तर ऑफिसातल्या एकीच्या दिरानं तिथून गाडी घेतली होती. पांढरी वॅगनआर, २०१९ पासिंग, कंपनी फिटेड सीएनजी, मीटरवर ४६ हजार. "ताई, डॉक्टर मॅडमची गाडी आहे. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. लेडीज यूज्ड. एक डाग दाखवा, गाडी फुकट न्या." सीट कव्हर नवं, मॅट नवी, स्टिअरिंगवर नवं कव्हर, आत मोगऱ्याचा वास. मला ती गाडी आवडली. लग्नाच्या बाजारात मुलगी बघायला गेलेल्या माणसांसारखे आम्ही तिच्याभोवती फिरलो, आणि तेवढंच बघितलं, जेवढं बघायला समोर ठेवलं होतं.

चालवून बघू म्हटलं तर तो म्हणाला, "ताई, तुम्ही नवीन आहात, इथं ट्रॅफिक बेकार. मीच फिरवून आणतो." मला हायसं वाटलं! त्यानं सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर नेऊन आणली. इंजिन आधीच गरम होतं. थंड गाडी पहिल्या सेल्फला कशी सुरू होते हे मला दिसलंच नाही. ज्या गाडीला चार लाख दहा हजार मोजले तिच्या क्लचवर माझा पाय पहिल्यांदा पडला तो पैसे देऊन झाल्यावर.

मेकॅनिकला दाखवायचं म्हटलं, तर मेकॅनिकही तयार होता. समोरच्याच गॅरेजातला. बोनेट उघडून, ऑइलची काडी पुसून, इंजिनला कान लावून म्हणाला, "मशीन एकदम मक्खन." दोनशे रुपये घ्यायलाही तयार नव्हता. तेव्हा वाटलं, किती सज्जन.

आरसीवर मालक क्रमांक दोन लिहिला होता, हे मी पाहिलं. विचारलंही. तर म्हणे, "आधी मिस्टरांच्या नावावर होती, मग मॅडमच्या केली. घरातल्या घरात." नाव बाईचंच होतं. नावाच्या खाली पत्ता असतो, तो मात्र मी वाचला नाही. पुढे वाचला तेव्हा कळलं की त्या बाई आणि हा विक्रेता एकाच गल्लीतले.

आता पैशांचं. दहा हजार टोकन मोबाईलवरून, तीन लाख वीस हजार आरटीजीएसनं, आणि ऐंशी हजार रोख. खातं कुणा तिसऱ्याच्याच नावाचं, "पार्टनरचं आहे". पावती मिळाली तीन लाख तीस हजारांची. रोखीचं काय, तर "ते आपल्या-आपल्यात". मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर समोरच्या बाईंच्या सह्या आधीच होत्या, बाकी फॉर्म कोरा. एका साध्या कागदावर माझीही सही घेतली: गाडी पाहून, पसंत करून, आहे त्या स्थितीत घेत आहे. हे मान डोलवत होते, मी सही केली. बाहेर येऊन आम्ही नारळ फोडला.

पहिला झटका दुसऱ्याच आठवड्यात. सोसायटीच्या गेटला मागचा दरवाजा घासला. विमा होता, पण जुन्या मालकिणीच्या नावावर. गाडी घेतल्यावर १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. समोरच्याला इजा झाली तर त्याच्या भरपाईचा विमा आपोआप आपल्या नावावर येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. एजंट म्हणाला होता, "ट्रान्स्फरबरोबर होऊन जाईल." दरवाजाचे साडेसात हजार खिशातून गेले. बरं, हा माझा आळस. याचं खापर त्याच्यावर फोडत नाही.

मग ते क्लचचं सुरू झालं, जे मी माझंच समजत होते. स्कूलच्या सरांना फोन करायचीही लाज वाटायची. शिकवलेलं विसरली म्हणतील.

जुलैमध्ये भाचा आला. पुण्याला जायचं होतं, म्हटलं तूच घे. खंबाटकी उतरलो, शिरवळ गेलं, हायवे मोकळा, आणि भाचा सारखा डॅशबोर्डकडे बघायला लागला. "मावशी, ही ऐंशीच्या वर जातच नाही." मी म्हटलं जुनी आहे. तो म्हणाला, "जुनी गाडी हळूहळू दमते गं, ही बरोबर ऐंशीला येऊन थांबते. हिला गव्हर्नर आहे." मला गव्हर्नर म्हणजे राज्यपाल एवढंच माहीत. त्यानं सांगितलं, टॅक्सी-परमिटच्या गाड्यांना वेग रोखणारी यंत्रणा बसवलेली असते, ८०ची. सात महिन्यांत मी गाडी साठच्या वर कधी नेलीच नव्हती. मला कळणार कसं?

तरी मन मानेना. डॉक्टर मॅडमनी सुरक्षेसाठी बसवून घेतलं असेल, असंही मी बोलून दाखवलं. भाच्यानं माझ्याकडे फक्त पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात पोवई नाक्यावर हवालदारानं हात केला. कागदपत्रं ठीक होती. त्यानं मशीनमध्ये नंबर टाकला. "मॅडम, दोन दंड थकलेत गाडीवर. मुंबईचे." मी म्हटलं मुंबईला तर आम्ही ही गाडी कधी नेलीच नाही. घरी येऊन वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या साईटवर नंबर टाकला. दंडाबरोबर फोटोही असतो. तो मोठा करून पाहिला.

रात्रीची वेळ, विमानतळाकडचा रस्ता. माझीच गाडी, माझाच नंबर. नंबरप्लेट पिवळी. टपावर कॅरिअर, त्यावर दोन मोठ्या बॅगा आणि सुतळीनं बांधलेलं एक खोकं. मी खाली जाऊन टॉर्च घेऊन गाडीच्या टपाच्या कडा पाहिल्या. कॅरिअरचे पाय जिथे आवळतात, तिथे चारही ठिकाणी रंग घासून निघालेला होता आणि वरून पांढरा स्प्रे मारलेला. बोट फिरवलं की खडबडीत लागत होतं. सात महिने ही गाडी मी दर रविवारी हातानं पुसत होते.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेले, आरसी दाखवली. काउंटरवरच्या मुलानं जुनी नोंद काढली. शेवटच्या सर्व्हिसिंगला किलोमीटर होते १,६१,४८०. तारीख मी गाडी घेण्याच्या अकरा महिने आधीची. मी घेतली तेव्हा मीटरवर ४६ हजार. म्हणजे गाडी उलटी चालत होती, असंच म्हणायचं! आरटीओतून गाडीच्या नोंदीचा उतारा काढला, त्यात सगळं सरळ लिहिलं होतं: आधी टुरिस्ट परमिट, मग त्या बाईंच्या नावावर, मग प्रायव्हेट. परमिटची गाडी रीतसर प्रायव्हेट करून घेता येते, त्यात बेकायदा काही नाही. तशी ती विकायलाही हरकत नाही. अशी गाडी लाख-सव्वा लाखानं स्वस्त मिळते आणि माहीत असून घेणारेही असतात. मला ती डॉक्टर मॅडमच्या भावात विकली, भांडण एवढंच आहे.

शेवटी सरांना बोलावलं. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, पण गाडी सुरू करण्याआधी खाली वाकले आणि म्हणाले, "मॅडम, हे बघा." क्लचच्या पेडलवरचं रबर. नव्या गाडीत त्यावर आडव्या रेघा असतात. इथे मधोमध एकही रेघ उरली नव्हती, डाव्या कडेला तर आतलं लोखंड दिसत होतं. "सीट कव्हर बदलतात, मॅट बदलतात, स्टिअरिंगला कव्हर घालतात. पेडलचं रबर बदलायचं सुचत नाही कुणाला. चाळीस हजारांत हे असं होत नाही." मग हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून हळूच क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं. ते आरामात चालू राहिलं. "क्लच प्लेट संपलीय. तुमचा पाय चांगला आहे."

खरं सांगते, फसवले गेल्याच्या रागापेक्षा त्या शेवटच्या वाक्याचा आनंद मोठा होता.

विक्रेत्याला फोन केला. आवाज तोच, गोड. "ताई, आरसीवर प्रायव्हेट लिहिलंय की नाही? मग मी खोटं काय बोललो?" डॉक्टर मॅडमचं विचारलं, तर म्हणे असं मी म्हणालोच नव्हतो. मीटरचं विचारलं, तर "जशी आली तशी दिली, तुमची सही आहे." ऐंशी हजारांचा तर विषयच नाही, ते कुठल्याही कागदावर नाहीत. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात राहिली नव्हती. पहिल्या दिवशी त्यानं व्हॉट्सॲपवर गाडीचे फोटो पाठवले होते, आणि खाली स्वतःच लिहिलं होतं: डॉ. मॅडम यूज्ड, जेन्युइन ४६०००. ते मी कधी पुसलं नव्हतं. आळसाचा असाही फायदा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली, तिथून त्याला निरोप गेला, त्यानं उत्तर दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. वकील म्हणाले, "आहे त्या स्थितीत" या सहीनं बाजू कमकुवत होते, पण मीटर फिरवणं ही काही "स्थिती" नव्हे. त्यांनी आणखी एक विचारलं, या डीलरकडे आरटीओचा दाखला आहे का? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्यांनी तो घ्यायचा असतो. असा काही दाखला असतो, हे मला घेताना माहीतच नव्हतं. गेल्या गेल्या भिंतीवर बघायला हवी होती ती चौकट, मी बघत होते गणपतीचा फोटो.

आता मैत्रिणी विचारतात, तर मी त्यांना फार काही सांगत नाही. सर्व्हिस सेंटरवरची नोंद गाडी घ्यायच्या आधी विक्रेत्याला सोबत नेऊन काढा, तो टाळाटाळ करायला लागला तर तेच उत्तर समजा. चलनाच्या साईटवर नंबर टाका, दोन मिनिटं लागतात आणि फोटो खोटं बोलत नाही. मागची विमा पॉलिसी मागा, सगळ्यात नवी नव्हे, तिच्याआधीची. टॅक्सीची पॉलिसी वेगळी असते, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन टायर बनवल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सीएनजी असेल तर सिलिंडरवरची हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबानं सिलिंडर तपासल्याची, पट्टी वाचा, दर तीन वर्षांनी करावी लागते. मेकॅनिक आपला न्या, त्याचे पाचशे-हजार आपण द्या. आणि नवीन आहात म्हणून कुणी चावी हातात देत नसेल, तर ज्यांनी तुम्हाला शिकवलं त्यांनाच सोबत घेऊन जा. सर मला म्हणाले, "एका रविवारचा तर प्रश्न होता मॅडम, आलो असतो की."

क्लचचा सगळा सेट बदलला. आता यवतेश्वर दुसऱ्या गिअरमध्ये चढते, वास नाही, थरथर नाही. सासूबाई पुढच्या सीटवर बसून कासच्या रस्त्याला जाताना जप करायच्या, त्या आता खिडकीतून बाहेर बघतात. भाचा म्हणाला, मावशी, गव्हर्नर काढून टाकू. मी नको म्हटलं. ऐंशीच्या वर मला जायचंच नसतं. आयोगाची पुढची तारीख महिनाअखेरीस आहे, याच गाडीनं जाणार आहे.