कोकणच्या किनाऱ्यासाठी स्वस्तातली वाइड अँगल: तीन लेन्स आणि खारा वारा

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सच्या १८ एमएममध्ये समोरचं मावेनासं झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. वाइड (कमी एमएमची, जास्त रुंद दृश्य पकडणारी) घ्यायची, पण कुठली? कॅननची क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि बेताचं बजेट असेल तर चर्चा फिरून फिरून तीन नावांपाशी येते: कॅननची ईएफ-एस १०-१८ आयएस एसटीएम, टोकिनाची ११-१६ एफ २.८ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) आणि समयांगची १४ एमएम एफ २.८. पहिली माझी स्वतःची. दुसरी मित्राची, पण मुक्काम बराच काळ माझ्याकडे. तिसरी अधूनमधून उसनी. रत्नागिरीपासून खाली कशेळीपर्यंत आणि वर हेदवीपर्यंत तिन्ही फिरवल्या आहेत. चार्ट लावून शार्पनेस वगैरे मोजलेला नाही, तेव्हा पुढचं सगळं या पट्ट्यातल्या वापरावरून. लडाखला जाणाऱ्यासाठी निकाल वेगळा लागू शकेल.

समयांगचं आधी उरकतो. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, १४ एमएम म्हणजे प्रचंड रुंद, त्यात वाद नाही. पण १.६ च्या क्रॉपवर ती २२ च्या आसपास येते, म्हणजे फुल फ्रेमवर २२ एमएम दाखवेल तेवढंच दिसतं. त्याच हिशेबाने किटची १८ होते २९, टोकिनाची ११ होते साडेसतरा आणि कॅननची १० होते १६. म्हणजे २९ वरून २२ वर येण्यासाठी ऑटोफोकस सोडायचा आणि अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) लेन्सवरच्या रिंगने हाताने फिरवायचं. लँडस्केपला ऑटोफोकस नसला तरी अडत नाही म्हणा. अडतं ते क्षितिजाशी. या लेन्सचं डिस्टॉर्शन (सरळ रेघा वाकवण्याची खोड) साधं फुगीर नाही, ते मिशीसारखं वळतं: मध्ये एकीकडे, कडांना दुसरीकडे. क्रॉपवर कडा कापल्या जातात म्हणून ते थोडं सौम्य होतं, पण जात नाही. डोंगरात हे कुणाच्या बापाला कळत नाही. समुद्रावर मात्र फोटोत एक सरळ रेघ असतेच असते, आणि ती फ्रेमच्या बरोबर मध्ये नसली की नागमोडी होते. सॉफ्टवेअरच्या एका स्लायडरने सुधारत नाही, त्या लेन्सचं तयार दुरुस्ती-प्रोफाइलच लावावं लागतं. लागतं म्हणजे लावता येतं, त्यामुळे एवढ्यावरून मी ती बाद केली नसती.

माझ्यासाठी निकाल लावला तो काच पुसण्याच्या कटकटीने.

वाइड लेन्स आणि थेंब यांचा उभा दावा आहे. ५५ एमएमवर पुढच्या काचेवरचा थेंब फोटोत विरघळून जातो, कळतसुद्धा नाही. १० एमएमवर, त्यात पायाजवळचा खडक आणि क्षितिज दोन्ही शार्प हवेत म्हणून एफ ११ लावलेलं असताना, तोच थेंब आभाळात धुरकट डाग होऊन बसतो. शिवाय आपला किनारा पश्चिमेचा. संध्याकाळचा सूर्य थेट भिंगात उतरतो आणि काचेवरचा प्रत्येक थेंब, फडक्याने उमटलेला प्रत्येक फराटा पेटून उठतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर हे दिसत नाही. घरी येऊन मोठ्या पडद्यावर दिसतं.

हेदवीच्या बामणघळीचं घ्या. भरतीचं पाणी त्या चिंचोळ्या फटीत शिरतं, आतल्या टोकाला आपटतं आणि सरळ वर उसळतं. सुरक्षित अंतरावर उभं राहा (तिथे जवळ जाऊच नये, खडक शेवाळलेले असतात), तरी वाऱ्याबरोबर येणारा तुषार काचेवर बसतोच. तो नुसता ओला नसतो. वाळला की मागे मिठाचे बारीक कण ठेवतो. कोरड्या फडक्याने घासाल तर तेच मीठ कोटिंगवर घासलं जातं. रीत अशी, की आधी ब्लोअरने वाळू उडवायची, मग गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं फडकं हलक्या हाताने फिरवायचं आणि शेवटी कोरडं. घरी टेबलावर हे दोन मिनिटांचं काम. कातळावर, उजवा हात कॅमेऱ्याला, डावा ट्रायपॉडला आणि ऊन उतरत चाललेलं, अशा वेळी ते होत नाही. झालं तरी तोवर समोरचा रंग गेलेला असतो.

समयांगची पुढची काच फुगून बाहेर आलेली आणि तिच्याभोवती न निघणारं हूड (आडवा उजेड अडवणारी कड). फडक्यातलं बोट मधोमध नीट फिरतं, पण हूडच्या बुडाशी पोचत नाही. तिथे मिठाचा एक गोल राहतोच. यात कंपनीचा दोष नाही, इतक्या रुंद आणि फुगीर काचेच्या लेन्सची घडणच अशी असते. पण मग आट्यांचा गोल फिल्टर तिला बसत नाही. चौकोनी फिल्टरचे मोठे होल्डर मिळतात, ते घेतले की लेन्स स्वस्त म्हणून घेतली होती हे विसरायचं.

१०-१८ ला साधा ६७ एमएमचा फिल्टर बसतो. खिशात दोन क्लिअर फिल्टर (नुसती पारदर्शक संरक्षक काच) ठेवतो. एक खारटला की काढायचा, दुसरा चढवायचा, पुढचा फोटो. पुसापुशी घरी गेल्यावर नळाखाली. माझी रोजची लेन्स १८-१३५ एसटीएम आहे, तिचेही आटे ६७ चेच, त्यामुळे वेगळे फिल्टर घ्यावेच लागले नाहीत. टोकिनाला ७७ चा बसतो. तिथेही हाच उपाय चालतो, फक्त फिल्टरला पैसे जास्त पडतात. ज्यांच्याकडे ७७ चे आधीच आहेत त्यांना हा मुद्दा गैरलागू.

फिल्टरवाल्यांशी वाद घालणारे असतात, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. काचेपुढे आणखी एक सपाट काच आली की समोरच्या उजेडात फ्लेअर (उजेडाचे डाग आणि धुरकटपणा) वाढतो. वारा पडलेला असेल तर मीही काढून ठेवतो. घ्यायचा तर पातळ रिंगचा घ्या, नाहीतर १० एमएमवर कोपरे काळे पडतात. एकावर एक दोन तर चढवूच नका. मिळाली तर पितळी रिंग बघा. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमचे आटे लेन्सवर असे धरतात की सोडवताना घाम फुटतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी मारणारा फिल्टर, त्याबद्दल सगळे विचारतात म्हणून: निळ्या आभाळासाठी या लेन्सवर नको, एवढ्या रुंदीत आभाळाचा एक पट्टा गडद आणि बाकीचं फिकं दिसतं. पावसाळ्यात ओला जांभा आणि भातशेतीवरची चकाकी मारायला मात्र उत्तम.

आता टोकिनावर अन्याय नको. हातात घेतली की लेन्स घेतल्यासारखं वाटतं. फोकसची रिंग मागे ओढली की मॅन्युअल, पुढे ढकलली की ऑटो, आणि अंतराचे आकडे काचेखाली स्पष्ट. अंधारात या दोन गोष्टींची किंमत कळते. आकाशगंगा समुद्रावर उतरलेली हवी असेल तर मे महिन्याची पहाट किंवा ऑक्टोबरात अंधार पडल्या पडल्याची वेळ, आणि तिथे एफ २.८ ला पर्याय नाही. टोकिनावर आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची पातळी, वाढवली की दाणे वाढतात) ३२०० मध्ये जे येतं त्यासाठी १०-१८ ला एफ ४.५ वर ८००० च्या घरात जावं लागतं. वळवाच्या सुमाराला काजवे टिपणाऱ्यांचंही तेच. रात्रीचे फोटो हे तुमचं मुख्य काम असेल तर पुढचं वाचू नका, टोकिना घ्या.

पण ती ५६० ग्रॅमची, १०-१८ फक्त २४०. आणि सूर्य फ्रेममध्ये आला की फ्लेअर, माडाच्या झावळ्यांच्या कडांना जांभळी किनार, या तिच्या खोडी तिचे चाहतेही नाकारत नाहीत. जांभळी किनार सॉफ्टवेअरमध्ये जाते, फ्लेअर जात नाही. आता ती बहुतेक सेकंडहँडच मिळते. तेव्हा घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत ती वाढतच जाणार, मालक कितीही गोड बोलला तरी. चांगली मिळाली तरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. हे तिन्हींना लागू.

१०-१८ ची गाऱ्हाणी लपवण्यात अर्थ नाही. माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) प्लास्टिकचा. अंतराचे आकडे नाहीत. फोकस रिंग मोटरवर चालते, म्हणजे कॅमेरा बंद असला की ती नुसतीच गरगर फिरते. हूड डब्यात येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. २०१४ साली ३०० डॉलरच्या आत काढलेल्या लेन्सकडून याहून जास्त मागणं कठीण, तरी हातातली ती हलकी खेळण्यासारखी भावना काही जात नाही.

त्यावर तिचं उत्तर म्हणजे आयएस, हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय. वाइडला स्टॅबिलायझेशन कशाला, असं पूर्वी मीही म्हणायचो. पुळणीवर ट्रायपॉड उभा केला की परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि एक पाय हळूहळू खचतो. हातात धरून १० एमएमवर पाव सेकंद बऱ्यापैकी स्थिर निघतो, आणि परतणाऱ्या फेसाच्या रेघा यायला पाव सेकंद पुरतो. ट्रायपॉडच्या नळ्यांतलं खारं पाणी धुण्याचा व्यापही वाचतो.

कशेळीच्या सड्यावरचं हत्तीचं कातळशिल्प १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. तिथे टोकिनाच्या ११ आणि कॅननच्या १० मधला एक एमएम जाणवतो. मोनोपॉड डोक्यावर उंच धरून, थोडं तिरकं करून, जेमतेम मावतं. कोवळ्या तिरप्या उन्हात कोरलेल्या रेघा उठून दिसतात, पण सूर्य पाठीशी असला की स्वतःची लांबलचक सावली आधी फ्रेममध्ये येऊन बसते. बाजूला सरका, ऊन आडवं घ्या. उलट आरे-वारेच्या घाटीतल्या वळणावरून यातली एकही लेन्स लावू नका. समुद्राची बारीक फीत होते आणि उरतं ते रिकामं आभाळ. तिथे किट लेन्सची २४ एमएम बरी.

मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) गेला असाल तर कॅननने २०२३ मध्ये आरएफ-एस १०-१८ आणली आहे. वजन १५० ग्रॅम, फिल्टर ४९ चा. निकॉनवाल्यांसाठी एएफ-पी डीएक्स १०-२० ही साधारण याच जातकुळीची, फिल्टर ७२ चा. फक्त डी९० किंवा डी७००० सारख्या जुन्या बॉडीवर ती फोकसच करत नाही, हाताने रिंग फिरवूनही नाही. तेव्हा पैसे देण्याआधी आपली बॉडी निकॉनच्या यादीत आहे का ते बघून घ्या.