बीपीची गोळी: चालू ठेवायची, कमी करायची की सोडून द्यायची?

‘आता बीपी १२४/७८ येतं, मग गोळी कशाला?’ असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दटावलं जातं. प्रश्न चुकीचा नाही, अर्धा आहे. १२४ हा गोळीसकटचा आकडा. ठरवायचं तर गोळी सुरू होण्याआधीचा आकडा लागतो. जुनी फाइल काढून बघा. तिथे १४६/९२ असेल तर गोष्ट वेगळी, १७८/१०६ असेल तर फारच वेगळी.

हिशेब असा. एका औषधाचा नेहमीचा डोस वरचा आकडा सरासरी ९ने उतरवतो. वजन घटवलं तर किलोमागे साधारण १, मीठ नीट कमी केलं तर ५-६, नियमित व्यायामाने ५ ते ८. यांची सरळ बेरीज होत नाही, तरी आठ किलो उतरवलेला आणि मीठही कमी केलेला १४६वाला गोळीविना १३५च्या खाली राहू शकतो. १७८वाल्याला चाळीसेक आकडे उतरवायचे असतात. तिथे पथ्य गोळ्यांची संख्या कमी करेल, गोळ्या संपवणार नाही.

चालू ठेवणं

वरचा आकडा १०ने उतरला की पक्षाघाताचा धोका सुमारे पाव हिश्शाने घटतो. मूळ धोका जितका मोठा, तितका हा फायदा मोठा. ज्यांना आधी पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊन गेलाय, हृदय कमजोर आहे किंवा लघवीतून प्रथिनं जातात, त्यांनी ‘सोडू का’ या वाटेला जाऊच नये. त्यांच्या काही गोळ्या बीपीखेरीज हृदयाचं किंवा किडनीचं रक्षणही करत असतात.

त्रास होतो म्हणून गोळी नकोशी झाली असेल, तर बहुधा औषध बदलण्याची वेळ आलेली असते, सोडण्याची नाही. अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, रॅमिप्रिलने कोरडा खोकला येतो, थायझाइड गटाच्या गोळ्यांनी सोडियम-पोटॅशियम घसरतं. डोस दुप्पट केला तरी बीपी दुपटीने उतरत नाही, अॅम्लोडिपिनची सूज मात्र वाढते. दोन औषधांचे छोटे डोस बऱ्याचदा जास्त काम करतात आणि कमी छळतात.

कमी करणं

एकच गोळी, सुरुवातीचा आकडा १६०च्या आत, अवयवांना इजा नाही आणि मधल्या काळात खरोखर काही बदललंय (वजन, मीठ, दारू, झोपेतला श्वासाचा अडथळा, रोजची वेदनाशामकं), अशा माणसाने डॉक्टरांकडे हा विषय जरूर काढावा. ६० ते ८० वयाच्या, एकच औषध घेणाऱ्यांवर झालेल्या ‘टोन’ चाचणीत (१९९८) औषध हळूहळू थांबवलं गेलं. वजन जास्त असलेल्यांपैकी ज्यांना वजन आणि मीठ दोन्ही घटवायला लावलं, त्यांतले सुमारे ४४ टक्के अडीच वर्षांनीही गोळीविना ठीक होते. ज्यांना असा काही कार्यक्रम दिला नव्हता, त्यांच्यात हेच प्रमाण १६ टक्के. म्हणजे गोळी सुटते, पण काहीतरी तिची जागा घेतं तेव्हाच.

आधी सात दिवस घरी मोजा: सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. लघवी करून, पाठ टेकून, पाच मिनिटं गप्प बसून मगच बटण दाबा. हात लोंबकळता ठेवला आणि पट्टा हृदयाच्या १० सेंमी खाली गेला, तर आकडा ७-८ने जास्त येतो. दंडाला पट्टा लहान पडला तरीही जास्तच. निम्मे चुकीचे निर्णय इथेच होतात, असं आमचं मत. मग एका वेळी एकच औषध, डोस निम्मा, चार आठवडे थांबून पुढचं पाऊल. अख्खी गोळीच दिवसाआड घेणं म्हणजे डोस निम्मा करणं नव्हे.

मीठ कमी करताना पर्यायी मीठ आणाल तर जपून. त्यात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी बीपीचं एखादं औषध चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

आपणहून बंद करणं

‘तीन दिवस घेतली नाही, तरी बीपी नॉर्मल!’ गोळी अॅम्लोडिपिन असेल तर यात नवल नाही. तिचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. तिसऱ्या दिवशीचा आकडाही गोळीचाच. खरं चित्र दोन आठवड्यांनी दिसू लागतं, आणि तोवर मोजायचा उत्साह ओसरलेला असतो. क्लोनिडीन या बीपीच्या औषधाचं उलटं: अचानक थांबवलं तर एक-दोन दिवसांतच बीपी उसळतं. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं) एकदम सोडली, तर हृदयरोग असणाऱ्याला छातीत कळ किंवा थेट अटॅक येऊ शकतो.

कुठल्याही वाटेने गोळी कमी झाली, तरी पहिले तीन महिने दर आठवड्याला दोन-तीन दिवस मोजायचं, नंतर महिन्यातून एक आठवडा. घरची सात दिवसांची सरासरी १३५/८५च्या वर गेली की पूर्वीच्या डोसवर परत जाण्याबद्दल डॉक्टरांना फोन. १८०/१२० आलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तितकंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एक बाजू लुळी पडणं यातलं काहीही असेल, तर दुसऱ्यांदा मोजत न बसता थेट इमर्जन्सी.