सॉफ्ट पेस्टलने समुद्र: निळे तसेच पडून, राखाडी संपले

दिवाळीत घेतलेला ६४ अर्ध्या कांड्यांचा सॉफ्ट पेस्टलचा, म्हणजे खडूसारख्या मऊ रंगकांड्यांचा, डबा पावसाळाभर वापरून झालाय. विषय एकच, समुद्र. नाशकात बसून कसला समुद्र, असं विचारणारे भेटतातच. त्र्यंबक-जव्हार मार्गाने डहाणूजवळची बोर्डी गाठायची, किनाऱ्यावर छोटी टिपणं करायची आणि घरी ती मोठ्या कागदावर घ्यायची, असं चाललंय. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार बूदँ समुद्राकाठच्या आभाळाचे पेस्टल अभ्यास करायचा आणि त्यावर तारीख, वेळ, वारा लिहून ठेवायचा. ती सवय मी उचलली. घरी आल्यावर मोबाइलच्या फोटोपेक्षा ‘ओहोटी, सकाळ, ढगाळ’ एवढ्या तीन शब्दांचा जास्त उपयोग होतो.

कांड्या मऊ आहेत, रंग भरभरून सोडतात, किमतीच्या मानाने काहीच वाईट नाही. वांधा आहे तो रंगांच्या निवडीत. निळे-हिरवे ढीगभर, तेही झगझगीत. बोर्डीचं पाणी मातकट, राखाडी. त्यामुळे निळ्या कांड्या जशाच्या तशा, आणि यलो ऑकर (मातकट पिवळा), रॉ अंबर (मातकट तपकिरी), उबदार राखाडी यांचे नखाएवढे तुकडे उरलेत. माझं ऐकाल तर लहान सेट घ्या आणि उरलेल्या पैशांत राखाडीच्या सुट्या कांड्या. मला त्या इथल्या दुकानात मिळाल्या नाहीत, ऑनलाइन मागवाव्या लागल्या.

या माध्यमात सगळ्यात सुरेख जमते ती ओली वाळू. बोर्डीला ओहोटीचं पाणी खूप आत जातं आणि मागे चकचकीत पट्टा राहतो. आधी ऑकर आणि अंबर आडव्या कांडीने पसरून बोटाने घोटायचे. मग आभाळाला वापरलेलाच रंग घेऊन हलक्या हाताने वरून खाली ओढायचा आणि त्यावर एक-दोन आडव्या रेषा. वाळू लगेच भिजलेली दिसते. फेसाला सरसकट पांढरा लावू नका. सावलीतला फेस जांभळट राखाडी असतो. पांढरा फक्त उन्हातल्या काठावर, शेवटी, दाबून, आणि तिथे बोट लावायचं नाही. पावसाळ्यात नाशिकच्या सोमेश्वरला गोदावरी काळ्या कातळावरून फेसाळत उतरते, फेसाचा सराव तिथे फुकटात होतो. खडकाला काळी कांडी नको, गडद जांभळ्यावर तपकिरी चढवा.

कागद कॅन्सन कंपनीचा ‘मी-तँत’ नावाचा, १६० जीएसएम जाडीचा. त्याच्या एका बाजूला मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, ती सपाट वाळूत डोकावते. मी मागची बाजू वापरते. वाळूच्याच रंगाचा कागद घेतला की निम्मं काम आपोआप होतं. सँडेड, म्हणजे पॉलिशपेपरसारखा खरखरीत, कागद जास्त थर धरतो, पण महाग आहे आणि बोटांची सालं काढतो.

फिक्सेटिव्हने, म्हणजे भुकटी कागदाला धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याने, उजळ रंग दबतात. म्हणून फवारा आधी, फेस नंतर. भुकटीचा त्रास खराच आहे: पंखा बंद, तोंडाला मास्क, ईझलखाली ओलं फडकं. कागदावर फुंकर तर अजिबात मारायची नाही, उलटा धरून मागून टिचकी मारा. मे महिन्यात पंख्याशिवाय बसणं म्हणजे काय, ते नाशिककरांना सांगायला नको.

फ्रेम करताना चित्राभोवती जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच, काच चित्राला टेकता कामा नये. तसं बजावून सांगूनही एका फ्रेमवाल्याने माझ्या चित्रावर थेट काच बसवली. ती काढली तेव्हा अर्धं आभाळ काचेवर होतं, वर तो म्हणाला, “ताई, तुमचा रंगच कच्चा आहे.”