लंबू जळगावला गेला : बास्केटबॉल मॅनेजर गेमचा पाऊण वर्षानंतरचा अनुभव

ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू कसे निवडतात, कॅप म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा कशी चालते, सामने खेळवून घेणारा सिम किती वेळ घेतो, हे सगळं इतरांनी लिहून ठेवलंय, ते तिकडे वाचा. मला एकाच पानाबद्दल बोलायचंय. करार संपत आला की खेळाडूच्या नावासमोर एक चेहरा येतो. हिरवा, पिवळा किंवा लाल. माझ्या संघातल्या लंबूचा चेहरा सीझन संपेपर्यंत पिवळा होता. फ्री एजन्सी उघडली, म्हणजे करार संपलेले खेळाडू कोणालाही घ्यायला मोकळे झाले, त्या रात्री तो लाल झाला आणि सकाळी लंबू जळगावच्या संघाचा झालेला होता. त्या दिवशी मी या गेमला एक तारा दिला होता. आता तीन करतोय, पण तिसरा अजून मनापासून दिलेला नाही.

आमची लीग दहा जणांची. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, पाचोरा, शिरपूर, शहादा आणि माझा चोपडा. लीग चालवणारा कमिशनर भुसावळचा, रेल्वेत आहे, ड्यूटी नसेल तेव्हा रात्री दहाला सिम चालवतो. माझं कृषी सेवा केंद्र आहे. मे महिन्यात दुपारी इकडे पारा 45 च्या आसपास असतो, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तेव्हा दुकानात बसून माणूस करणार काय? चार-पाच जणांपेक्षा जास्त मालक असलेल्या लीगला प्रीमियम लागतं, वर्षाचे ₹799. ते भरले. फुकट गेमला पैसे भरायची माझी ही पहिलीच वेळ, म्हणून रागही जरा जास्तच आहे, हे मान्य.

लंबू म्हणजे 7 फूट 1 इंचाचा सेंटर, बास्केटजवळ खेळणारा उंच गडी. कंप्युटरने त्याला काहीतरी वेगळंच नाव दिलं होतं, ते आता कोणाच्याच लक्षात नाही. ड्राफ्टमध्ये सहा जणांनी त्याला सोडला. रेटिंग 48, फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे फेके) तर बघवत नव्हते. मी त्याला घेतला, पहिला सीझन हरत हरत खेळवला, दुसऱ्यात त्याच्यासाठी चांगला पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुरवणारा, आणला. चौथ्या सीझनला तो 76 ला पोचला आणि लीगमधला सगळ्यात मोठा खेळाडू झाला. केळीचं रोप मी लावलं, ठिबक मी केलं, घड मी बांधून धरला, आणि कापणीला ट्रक लावला दुसऱ्यानेच.

पैशाचा प्रश्न नव्हता, हे आधी स्पष्ट करतो. माझ्या कॅपमध्ये भरपूर जागा होती. जळगावनेही कमाल रक्कम आणि पाच वर्षं दिली, मीही कमाल रक्कम आणि पाच वर्षं दिली. दोन्हीकडे तोच आकडा. मग गेम बघतो खेळाडूचा स्वभाव. प्रत्येकाला एक स्वभाव दिलेला असतो : पैसा, जिंकणं, निष्ठा किंवा नाव. लंबूच्या नशिबी 'नाव' आलं. आणि नाव कुठे मिळतं, तर मोठ्या गावात. मोठं गाव कसं ठरतं? लीग बनवताना कमिशनर प्रत्येक संघाची लोकसंख्या टाकतो त्यावरून. आमच्या कमिशनरने टाकली 2011 च्या जनगणनेची. जळगाव 4 लाख 60 हजार, चोपडा 72 हजारांच्या आसपास.

आता सांगा. 2021 ची जनगणना पुढे ढकलली गेली हे सगळ्या देशाला माहीत आहे. 2011 नंतर चोपड्यात किती प्लॉट पडले, किती कॉलन्या उभ्या राहिल्या ते येऊन बघावं कोणी. शिरपूर रोडला आणि यावल रोडला जिथे शेतं होती तिथे आता बंगले आहेत. बरं, जळगावही वाढलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण इतक्या जुन्या आकड्यावर एकविसावं वर्षही न ओलांडलेल्या पोराचं करिअर ठरवायचं? तो पोरगा ड्राफ्टला आला तेव्हा एकोणीसचा होता, आकडा त्याच्या जन्माआधीचा असायला फार काही बाकी नव्हतं. (चार सीझन झाल्यावर तो तेवीसचा होतो हे मला कळतं. गेममधली वर्षं आणि आपली वर्षं वेगळी. पण मुद्दा समजून घ्या.)

आणि अमेरिकेतल्या खऱ्या एनबीए लीगमध्ये तरी गावाच्या आकारावर असं चालतं का? 2010 मध्ये क्लीव्हलँडचा स्टार लेब्रॉन जेम्स मोकळा झाला तेव्हा न्यूयॉर्क आणि शिकागो दोन्ही रांगेत होते. तो गेला मायामीला, दोन्हींपेक्षा लहान ठिकाणी, कारण तिथे ड्वेन वेड होता आणि ख्रिस बॉश येत होता, दोघेही मोठे खेळाडू. टिम डंकनला 2000 मध्ये ऑरलँडोने जवळजवळ नेलाच होता, तो सॅन अँटोनिओला राहिला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच खेळला. 2019 मध्ये केव्हिन ड्युरंट न्यूयॉर्कला गेला खरा, पण निक्सकडे नाही, तिथल्याच दुसऱ्या संघाकडे, ब्रुकलिनकडे. शहर एकच, लोकसंख्या तीच, मग निक्सला का नाही मिळाला? गेमच्या हिशोबात याला उत्तर नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. एनबीएत पहिल्या फेरीत घेतलेला पोरगा रुकी करारावर, म्हणजे नवख्याच्या पहिल्या करारावर, चार वर्षं खेळला की तो लगेच पूर्ण मोकळा होत नाही. संघाने क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाची ठरलेली ऑफर) दिली की तो 'रिस्ट्रिक्टेड' होतो. दुसऱ्या कोणी काहीही देऊ केलं तरी जुन्या संघाला तेवढंच देऊन त्याला ठेवून घ्यायचा हक्क असतो. 2014 मध्ये गॉर्डन हेवर्डला शार्लटने चार वर्षांचे 6 कोटी 30 लाख डॉलर देऊ केले. यूटाने तेवढेच दिले, पोरगा यूटात राहिला. 2022 मध्ये डीअँड्रे एटनला इंडियानाने 13 कोटी 30 लाखांच्या आसपास देऊ केले, फिनिक्सने जुळवले, विषय संपला. खेळाडूला पटो न पटो. हेवर्ड पुढे 2017 मध्ये खरा मोकळा झाला तेव्हाच बॉस्टनला गेला. म्हणजे एनबीएचा नियम या गेममध्ये असता, तर लंबू जळगावची ऑफर घेऊन आला असता आणि मी म्हटलं असतं, ठीक आहे, तेवढेच घे आणि सरावाला जा.

शिवाय पुढे अनुभवी झाल्यावरही जुन्या संघाला झुकतं माप असतं. बॉस्टनचा जुना खेळाडू लॅरी बर्ड याच्या नावाने ओळखला जाणारा तो हक्क : स्वतःचा खेळाडू असेल तर पाच वर्षं आणि दर वर्षी 8 टक्के वाढ, बाहेरच्याने न्यायचं तर चार वर्षं आणि 5 टक्के. या गेममध्ये घरचा आणि बाहेरचा एकाच तराजूत.

मी हे सगळं सपोर्टला लिहिलं. मराठीत लिहिलं नाही, मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, पण मुद्दे सगळे लिहिले. उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मग लिहिलं की उरलेल्या महिन्यांचे पैसे परत द्या. त्यावर मात्र लगेच उत्तर आलं : डिजिटल सेवेचे पैसे परत होत नाहीत. नंतर कोणीतरी माणसाने लिहिलं की लीगमध्ये 'सॉफ्ट कॅप' चालू करा म्हणजे कॅपच्या वर जाऊन स्वतःचे खेळाडू ठेवता येतात. अहो, माझी कॅप भरलेलीच नव्हती! मी विचारतोय जुळवायच्या हक्काबद्दल, तुम्ही सांगताय भलतंच. परत लिहिलं. तेव्हा शेवटी कळलं की जुळवायचा हक्क गेममध्ये नाही, पुढे करायच्या गोष्टींच्या यादीत आहे, कधी येईल सांगता येत नाही. लोकसंख्या मात्र कमिशनर केव्हाही बदलू शकतो.

केव्हाही! म्हणजे इतके महिने आमचा कमिशनर गप्प होता. ग्रुपवर विचारलं तर म्हणतो, "मग काय टाकू भाऊ, तू सांगशील तो आकडा?" मी म्हटलं, अंदाजे टाक. तर शिरपूरवाला म्हणाला, मग आमचाही अंदाज घ्या. पाचोऱ्यानेही हात वर केला. धुळ्याचा गडी मध्येच अहिराणीत, "तुन्हा लंबू गया रे भो, आते काय करशी?" मतदान झालं, 2011 कायम राहिलं. जळगावचा मालक त्या दिवशी ग्रुपवर एक अक्षर बोलला नाही. शहाणा आहे.

मत थोडं बदललं ते यानंतर. चेहऱ्यावर बोट ठेवून धरलं तर आतला हिशोब उघडतो, हे सपोर्टच्या त्याच मेलमध्ये होतं. कोणत्याही रिव्ह्यूत मला हे सापडलं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. लंबूच्या हिशोबात गावाच्या आकाराचे माझे उणे 1 होते. जिंकण्याचे अधिक 2, कारण आम्ही प्लेऑफला, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांना, जात होतो. आणि सुविधांचे उणे 3. सुविधा म्हणजे जिम, स्टेडियम, डॉक्टर. त्यावरचा खर्च मी पहिल्या दिवसापासून सगळ्यात खाली ठेवलाय आणि तो तसाच राहील. कंप्युटरमधल्या पोरांना कंप्युटरमधल्या जिमची काय गरज? तो पैसा वाचला म्हणून तर कॅपएवढा पगार द्यायला तिजोरी भरलेली होती. पण हे मान्य करावं लागेल की हिशोब लपवलेला नाही. आकडा बघून भांडता येतं, आणि माझ्यासारख्याला तेवढं पुरतं. दुसरा तारा याचा. उणे 1 सुद्धा जुन्या जनगणनेचाच आहे, हे विसरू नका.

तिसरा तारा पुढच्या सीझनचा. 2010 मध्ये लेब्रॉन गेल्यावर क्लीव्हलँडचं काय झालं माहीत असेल : आदल्या सीझनला 61 सामने जिंकलेला संघ 19 वर आला, मध्ये सलग 26 हरला. मला वाटलं चोपड्याचंही तेच. पण लंबूच्या एका पगारात तीन बरे खेळाडू बसले, चौथा अमळनेरने कॅपसाठी सोडून दिलेला, तो जवळजवळ फुकट. आम्ही चौथे आलो. जळगाव दुसरं. फायनलमध्ये लंबूला फाउलवर फाउल करून फ्री थ्रो लाइनवर उभा केला नंदुरबारने, आणि तो चुकवत राहिला. फ्री थ्रोवर मी चार सीझन काम केलं होतं, जळगावने सोडून दिलं वाटतं. एवढं बारीक गेम धरतो, हे मला खरंच आवडलं. त्या रात्री शेवभाजी मागवली.

बाकी किरकोळ. जुन्या फोनवर बॅटरी खातो. मोबाइल नेट गेलं तर ऑफर अर्धवट राहते, ती परत टाकायला विसरू नका. मराठी भाषा निवडता येते, पण भाषांतर मशीनचं आहे; 'रिबाउंड'ला 'उसळी' केलंय, वाचून हसू येतं, चालतं. जाहिराती प्रीमियममध्ये खरोखर बंद होतात.

प्रीमियम परत भरायची तारीख पोळ्याच्या आसपास येते. ऑटो-पे मी काढून टाकलाय. शहाद्याचा गार्ड त्याआधीच मोकळा होतोय, त्याचा स्वभाव 'पैसा', आणि जिम न बांधल्यामुळे तिजोरी परत भरलेली आहे. तो आला तर ₹799 भरीन.